मंगळवारी पावणेदोनला

— नाही नाही, पेशंट आणलेलीच नाही, पेशंट घरी आहे. मी पेशंटचा नवरा. बाहेरच्या बाईंनी केसपेपरवर ‘गोदावरी, वय एकोणसाठ’ लिहिलंय ते बरोबरच आहे, पण त्या कानातल्या मशीनचा सगळा कारभार ह्या मोबाईलवरून चालतो आणि मोबाईल माझा, म्हणून मी आलोय. बसू ना? आणि मॅडम, ते दार जरा लोटून घेतलं तर — नाही, तसं काही नाही, बाहेर बाकावर ते आजोबा बसलेत ना, त्यांना कमी ऐकू येत असणार, कबूल आहे, पण तुमच्या दवाखान्यात कुणाला किती ऐकू येतं ह्यावर आपण भरवसा ठेवू नये, अशा मताला मी मंगळवारपासून आलोय.

प्रश्न अगदी साधा आहे. मंगळवारी दुपारी पावणेदोनला माझ्या मोबाईलमधला आवाज बायकोच्या कानात गेला की नाही गेला. एवढंच बघून सांगा. हो किंवा नाही. कसला आवाज, त्याला काही महत्त्व नाही — असाच, घरगुती.

तिलाच का नाही विचारत? वा. हे माझ्या डोक्यात आलं नसेल असं वाटलं का तुम्हाला? आता बघा, तिला विचारायचं तर तिला ऐकू यायला हवं, आणि ऐकू येत असेल तर मग विचारण्यासारखं काही उरतच नाही. शिवाय विचारू काय? ‘अगं, मी परवा तुझ्याबद्दल जे बोललो ते तुला ऐकू आलं का’ — आणि ती म्हणाली, ‘नाही, काय बोललात?’ मग? माझा धंदा बोलण्याचा आहे मॅडम, पण इतका काही मी हुशार नाही.

धंदा म्हणजे — मी वेणीमाधव, रामकुंडावर उपाध्ये. दहावं-तेरावं, अस्थी, श्राद्धपक्ष, जे असेल ते. तुमचं गाव कुठलं? नांदगाव? म्हणजे तुमच्या पणजोबांची सही माझ्या नाहीतर शेजारच्या कुणाच्या तरी वहीत नक्की सापडेल, कधी आलात तर दाखवीन. नाही, तसल्याच कामासाठी यायला पाहिजे असं नाही, सहज या. तर सांगत काय होतो — ब्लूटूथ. माझं आणि ब्लूटूथचं पहिल्यापासून वाकडं आहे. घाटावर आम्ही आठ जणांनी रविवार कारंजावरच्या एकाच दुकानातून एकसारखे स्पीकर घेतले, तो दुकानदार म्हणाला कॉलर माईक लावा, मोबाईल जोडा, घसा वाचेल. घसा वाचला. पण आठही स्पीकरांचं नाव मोबाईलमध्ये एकच. मग काय — मी संकल्प सांगतोय घोटीच्या यजमानांना, आणि आवाज निघतोय पलीकडच्या सहस्रबुद्ध्यांच्या स्पीकरमधून, तिथं मालेगावची मंडळी बसलेली. अर्धा संकल्प होईपर्यंत कुणाच्या लक्षात नाही. घोटीचे आजोबा मालेगावकरांकडून पाणी पिऊन गेले म्हणा ना. जाऊ द्या, पाणी पोचल्याशी मतलब.

आणि टीव्हीचं तर विचारूच नका. कॅनडातल्या एका यजमानांचं श्राद्ध व्हिडिओवर करायचं होतं, आमची सई — मुलगी माझी, बंगळुरूला असते — तिनं फोनवर सांगितलं, बाबा, मोबाईल टीव्हीला जोडा, म्हणजे तुम्हाला ते मोठे दिसतील. मी जोडला. आमचा टीव्ही काळाच. तेवढ्यात भिंतीपलीकडून कुसाबाईंची किंकाळी — त्यांच्या मालिकेतली सासू गायब आणि तिच्या जागी माझा हात, भाताचे पिंड वळतोय. त्यात त्यांच्या सासऱ्यांचं दोन वर्षं राहिलेलं. त्यांना वाटलं बोलावणंच आलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला घाटावर हजर, करून मोकळ्या झाल्या. म्हणजे अगदीच काही वाईट शोध आहे असं मी म्हणत नाही.

हां, मशीन. तर दिवाळीला सई आली आणि येताना आईसाठी हे घेऊन आली. तुमच्याकडूनच बसवून घेतलं, तुम्ही नव्हता त्या दिवशी, दुसऱ्या कुणी मॅडम होत्या. आता गोदावरीचा फोन म्हणजे जुना, बटणांचा, त्याला असलं काही जोडता येत नाही. म्हणून सईनं ते माझ्या मोबाईलला जोडलं. ‘बाबा, म्हणजे तुम्ही आईला फोनवरून सगळं ऐकवू शकाल.’ ऐकवू शकाल! मुलीनं किती विश्वासानं म्हणावं. मला तेव्हाच म्हणायला पाहिजे होतं की बाई, हा मोबाईल दिसेल त्याच्याशी सोयरीक करत सुटतो, ह्याच्यात तुझ्या आईचे कान अडकवू नकोस. पण मुलगी लांबून आलेली, डोळ्यांत पाणी, आईच्या कानात काहीतरी घातलं आणि आईनं मान वर केली — आपण कसं बोलणार.

आणि मंगळवारी काय झालं — एक वाजता घरी आलो, जेवलो, गॅलरीत खुर्ची टाकून बसलो. त्र्यंबकचा मेसेज आलेला. त्र्यंबक माझा आतेभाऊ, मनमाडला असतो, रेल्वेतून रिटायर झालाय, त्याला दिवसभर उद्योग नाही. त्यानं विचारलेलं, ‘काय वेण्या, वहिनींना ऐकू यायला लागलं म्हणे, कसं वाटतंय?’ मी त्याला व्हॉइस मेसेज केला. चार मिनिटांचा. बोलत गेलो आपला. आणि मला एक खोड आहे, म्हणजे घाटावरच्या आम्हा सगळ्यांनाच आहे — मेसेज पाठवला की आपलाच मेसेज आपण परत ऐकायचा. कारण लोकांना संकल्प मेसेजवर पाठवावे लागतात हो हल्ली, आणि त्यात गोत्र चुकलं की श्राद्ध दुसऱ्याच्याच बापाचं. म्हणून एकदा ऐकायचं. तर मी लावला. आवाज नाही. म्हटलं आवाज बारीक असेल, फुल केला. परत लावला. नाही. तिसऱ्यांदा लावला, मोबाईल कानाशी धरला, हलवला, खाली फुंकर मारली — शांत. रेघ मात्र पुढं सरकतेय. म्हणजे वाजतंय. वाजतंय, पण इथं वाजत नाही. आणि मग वरती कोपऱ्यात बघतो तर ते कानाचं बारीक चित्र.

मॅडम, तीन वेळा. चार चार मिनिटं. फुल आवाजात.

मी तसाच वळून आत बघितलं. गोदावरी देवघरापाशी पाठमोरी बसलेली, वाती वळत. हात चालूच. मान नाही हलली, काही नाही. आता ऐकलेल्या बाईची पाठ कशी दिसते आणि न ऐकलेल्या बाईची कशी दिसते, हे कुठल्या शास्त्रात सांगितलंय का? पस्तीस वर्षं झाली लग्नाला, मला तिच्या पाठीवरनं काही कळत नाही. आणि त्या दिवसापासून बघतोय तर तिचं वागणं फारच चांगलं आहे. बुधवारी धुतलेलं उपरणं घडी घालून हातात दिलं. गुरुवारी शेवग्याची आमटी केली, मला आवडते म्हणून. काल तर मी बाहेर पडताना हसली. रागावली असती तर मी समजलो असतो, रागाची मला सवय आहे. पण हसली म्हटल्यावर माझी झोपच उडाली.

काय बोललो होतो? तुम्हाला त्याच्याशी — बरं. हेच आपलं, मशीन भारी आहे, त्याच्या बॅटऱ्या जपाव्या लागतात, रोज डबीत ठेवून चार्ज करावं लागतं, असं.

...असं बघू नका हो. चार मिनिटं बॅटरीवर कोण बोलेल, मलाही कळतं. बरं, बोललो की, ‘त्र्यंबक, खरं सांगू का, आधीच बरं होतं’. झालं. गंमत म्हणून. नवरे बोलतात असं. तुमचे मिस्टर बोलत नसतील, पण बोलतात. त्यात माझी बाजूही ऐका ना जरा. गोदावरी घरची कोण? पैठणच्या घनपाठ्यांची मुलगी. मुलगी म्हणून बापानं शिकवलं नाही, पण आठ भाऊ समोर वेद घोकत बसायचे आणि ही भाजी निवडत ऐकायची — सगळं पाठ. स्वरांसकट. आणि मी? मी पोटापुरता. सकाळी संध्येला बसलो, आवर्तन सुरू केलं आणि कुठं स्वर घसरला, कुठं एखादा शब्द गाळला की स्वयंपाकघरातून पळी. पातेल्याच्या काठावर एकदा — टण्ण. बोलायची नाही काही. फक्त टण्ण. की मी मागं जायचं आणि तो शब्द परत म्हणायचा. लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून. यजमान घरी बसलेले असोत, पाहुणे असोत, टण्ण. एकदा माझे वडील होते समोर, तेही मागं गेले. अठ्ठावीस-एकोणतीस वर्षं मी त्या पळीच्या धाकात देवाचं नाव घेतलं. मग हळूहळू टण्ण कमी व्हायला लागलं. आधी वाटलं माझं सुधारलं. चक्क आनंद झाला मला. मग लक्षात आलं, दारावरची बेल वाजते आणि ही उठत नाही.

हो, नेलं होतं की. नेलं होतं. सहा वर्षांपूर्वी. इथं नाही, दुसऱ्या डॉक्टरांकडे. तपासणी केली, तिला त्या काचेच्या खोलीत बसवून. आणि — पाणी आहे का हो? — आणि डॉक्टरांनी मला बाहेर सांगितलं. ती आतच होती, तिला ऐकू गेलं नाही, गेलं असतं तर आम्ही तिथं कशाला गेलो असतो. म्हणाले, लगेच मशीन लावा. आता शब्द कळतायत तोवर लावा. उशीर केलात तर नुसता आवाज येईल, शब्द सुटे होणार नाहीत, आणि मग मशीन लावूनही ते पुरते परत यायचे नाहीत. मी मान हलवली. ती बाहेर आली, माझ्याकडे बघितलं, खुणेनं विचारलं, काय म्हणाले? मी खुणेनं सांगितलं — काही नाही. वय.

बस. एवढं केलं मी. हाताचा असा पंजा हलवला. वय. तिनं पदर सारखा केला आणि आम्ही रिक्षा केली.

मुद्दाम नाही हो. म्हणजे मुद्दामच, पण असं ठरवून नाही. त्या दिवशी म्हटलं पितृपक्ष तोंडावर आलाय, झाला की बघू. मग नवरात्र. मग लग्नसराई. आणि मधल्या काळात — आता बोलतोच आहे तर बोलतो — मधल्या काळात मला फार बरं वाटायला लागलं. सकाळी मोठ्यानं म्हणायचो. हवं तसं. कधी दोन ओळी गाळायचो, कधी चाल बदलायचो, अडवणारं कोणी नाही. बासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा आपल्या घरात आपला आवाज. तर हेच मी त्र्यंबकला सांगितलं. डॉक्टरांचं, पंजाचं, सगळं. शिवाय म्हटलं, ‘सहा वर्षं सुखाची गेली बघ’. त्याला सांगितलं, कारण तो मनमाडला असतो. आणि कुणाला सांगणार होतो?

तुम्ही असं तोंड केलंत म्हणजे मला कळलं तुमचं मत. असू द्या. माझंही तेच आहे. दिवाळीपासून रोज सकाळी मी संध्येला बसतो आणि पळीची वाट बघतो, खरं सांगतो तुम्हाला. तुम्हाला वाटेल मी घाबरतो. घाबरतो पण आणि वाटही बघतो. एकदा तर मुद्दाम अख्खी ओळ खाल्ली. काही नाही. म्हटलं हे मशीनच खराब असणार, नाहीतर डॉक्टर म्हणाले तसे तिचे शब्द गेले. माझ्या पंजानं गेले. दोन महिने हेच डोक्यात फिरतंय. म्हणून ते त्र्यंबकला बोललो असेन, चेष्टेचा आव आणून. शेवटी शेवटी रडलोही थोडा, मेसेजमध्ये आहे ते.

तर बघा आता. हा घ्या मोबाईल. तुमच्या कॉम्प्युटरला जोडणार? वायर कुठंय? बिनवायरीचा? जोडा, त्याला काय, तो कुणाशीही जुळतो. पासवर्ड सई टाकून गेली होती, तिचाच वाढदिवस आहे, चौदा-शून्य-आठ. आलं? हे काय, तिच्या मशीनचा हिशोब इतका ठेवतात? वाराप्रमाणे? मला कुणी सांगितलं नाही हो हे, मी तुम्हाला एवढं सगळं उगाच सांगत बसलो. हिरवं म्हणजे काय — कानात. करडं म्हणजे चालू आहे, पण कानात नाही. पांढरं म्हणजे डबीत. बरं. मंगळवार काढा. एक वाजता... दीड... पावणेदोन.

करडं.

करडंच ना? मला चष्म्यातून निळसर दिसतंय, तुम्ही सांगा. करडं. म्हणजे जोडलेलं होतं, पण कानात नव्हतं. अहो, मग माझा आवाज गेला कुठं? देवघराच्या फळीवर एक स्टीलची वाटी आहे, बांगड्या वगैरे काढून ठेवते ती त्यात — वाटीत! बारा मिनिटं मी वाटीला सगळं सांगितलं! मॅडम, तुमच्या तोंडात साखर पडो. पेढे पाठवतो. वाचलो हो. मंगळवारपासूनचे दिवस कसे काढलेत मी माझं मला ठाऊक. साधी शेवग्याची आमटी होती ती, आणि मला वाटत होतं शेवटचं जेवण घालतेय. काढा तो मोबाईल आता, निघतो, घाटावर साडेअकराचे यजमान आहेत.

काय म्हणालात? मशीन उत्तम चाललंय? रोज सात-आठ तास कानात असतं? शब्दही कळतायत, म्हणजे टीव्ही, फोन सगळं नीट जातंय? कुणाचा फोन? सईचा, तिनंच तुम्हाला कळवलंय? पण सई मला तर म्हणते, आई फोनवर बोलतच नाही — ती कुसाबाईंच्या मोबाईलवर करते होय. असं जोडता येतं का दोन ठिकाणी? येतं. बरं झालं. म्हणजे शब्द गेले नाहीत. हे फार बरं झालं, मॅडम, हे खरंच... मला वाटलं होतं मी कायमचं...

थांबा. बंद नका करू. बुधवार दाखवा जरा.

सकाळी सात ते साडेबारा हिरवं. साडेबाराला करडं. साडेचारपर्यंत करडं. मग हिरवं, ते रात्री आठपर्यंत. मी सातला घाटावर जातो. साडेबारा-एकला घरी येतो. साडेचारला परत बाहेर. आठला — हो, आठला जेवायला. गुरुवार? तेच. शुक्रवार, एक वाजता करडं, शुक्रवारी मला उशीर झाला होता. किती बरोबर आहे हो हे. आणि तो रविवार, मंगळवारच्या आधीचा? नाही, त्याच्याही पलीकडचा. मला ताप होता, दिवसभर अंथरुणात होतो, ती उशाशी बसून होती, पट्ट्या ठेवत. मी बडबडत होतो काहीबाही.

पूर्ण पांढरं आहे. सकाळपासून.

मंगळवारनंतर झालं असेल हे. नाही, रविवार तर आधीचा. दिवाळी काढा. पहिल्या दिवसाचं. सई निघून गेली तो दिवस, सकाळी नऊची गाडी होती, मी तिला नाशिकरोडला सोडायला गेलो आणि साडेदहाला परत आलो. काय आहे साडेदहाला?

...

नाही, वाचू नका, दिसतंय मला.

आणि हे सगळं ती माझ्या मोबाईलमध्ये लिहून ठेवत होती. रोज. माझ्या खिशात.

मॅडम, एक विचारू का — ह्याच्यात असं काही सेटिंग असतं का, की माणूस घरी आला, त्याचा मोबाईल दारात आला, की तिचं आपोआप...

नसतं. नाही, मला माहीत होतं. राहू द्या. ते दार उघडा आणि त्या आजोबांना आत पाठवा, कधीचे बसलेत.